खारा वारा, मतलई वारा आणि कोरडा चेहरा

कोकणात समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसाची त्वचा कोरडी असू शकते, हे घाटावरच्या नातेवाइकांना पटवून देणे कठीण जाते. त्यांच्या मनातले कोकण म्हणजे घामाचे, चिकचिकाटाचे, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहणारे कोकण. तिथे चेहऱ्याला ओढ कसली बसणार? पण आमच्या गुहागरच्या बाजूला डिसेंबरच्या अखेरीस पहाटे जो वारा अंगाला लागतो तो समुद्रावरून आलेला नसतो. तो सह्याद्रीकडून, जमिनीवरून समुद्राकडे निघालेला असतो. भूगोलाच्या तासाला मी मुलांना ज्याला मतलई वारा म्हणून शिकवते, तोच हा. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा बाष्प घेऊन येतो, मतलई वारा मात्र कोरडाच येतो. जानेवारी-फेब्रुवारीत पूर्वेकडचे वारे जोर धरतात, खाऱ्या वाऱ्याला काही दिवस दुपारपर्यंत डोके वर काढता येत नाही, आणि तेवढ्या तासांत किनाऱ्यावरची हवा कोरडी पडते. आंबा बागायतदार याच थंडीच्या वाटेवर डोळे लावून बसलेले असतात, कारण थंडीवाचून हापूसला मोहोर नीट फुटत नाही. 'यंदा थंडी चांगली पडली' असे गावात आनंदाने बोलले जाते, त्याच आठवड्यात माझे गाल ताणले जातात, ओठांच्या कडा फुटतात आणि टॉवेलसुद्धा चेहऱ्याला खरखरीत लागू लागतो.

ही त्वचा मला आईकडून मिळाली आहे. चाळिशीनंतर ती आणखी कोरडी झाली, त्यात नवल नाही. वय वाढते तशी त्वचेतल्या तैलग्रंथींची गती मंदावते, आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास ते अधिक जाणवते. प्रश्न उपायाचा होता, आणि उपाय परवडण्याचा होता. शहरातल्या भाच्या ज्या क्रीमची नावे सांगतात त्यांची डबी हाताच्या मुठीत मावते आणि किंमत महिन्याच्या किराणा सामानाच्या यादीत मावत नाही. माझे मत आता असे झाले आहे की, कोकणात कोरड्या चेहऱ्यासाठी मॉइश्चरायझर निवडताना आधी हवा पाहावी, मग डबीची पाठ वाचावी आणि किंमत सर्वांत शेवटी पाहावी. या क्रमाने गेले की हाती लागणारी वस्तू बहुधा स्वस्तच निघते.

हवा आधी का, हे समजण्यासाठी त्वचेची बांधणी थोडी ठाऊक असावी लागते. त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो आणि तो मृत, चपट्या पेशींचा बनलेला असतो. आमच्याकडच्या घरांच्या भिंतीत जांभ्याचे चिरे एकावर एक रचून मधल्या सांध्यांत चुना भरतात, तशी ही रचना आहे: पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे मिश्रण. चिऱ्यांच्या आत पाणी धरून ठेवणारे काही नैसर्गिक पदार्थ असतात. चुना धुपला की आतले पाणी उडून जाऊ लागते, पेशींच्या कडा वर उचलल्या जातात, आणि त्यालाच आपण चेहरा फुटला असे म्हणतो. धूप होण्याची कारणे बहुतेक आपल्याच न्हाणीघरात असतात. साध्या साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) नऊ-दहाच्या आसपास असतो, तर त्वचेचा स्वतःचा सामू सुमारे साडेचार ते साडेपाच. त्यात चुलीवरचे कढत पाणी घेऊन चेहरा चोळला की स्निग्धांश उरणार तरी कसा? थंडीत सकाळी चेहऱ्याला साबण न लावता नुसते कोमट पाणी मारणे, हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव फुकट उपाय आहे आणि तो निम्मे काम करतो, असे मी अनुभवाने म्हणू शकते.

बाजारातल्या कोणत्याही मॉइश्चरायझरमध्ये, ते साठ रुपयांचे असो वा सहा हजारांचे, तीन प्रकारचे पदार्थ कमी-जास्त प्रमाणात असतात. काही पाणी धरून ठेवतात, जसे ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, युरिया, हायलुरॉनिक आम्ल. काही पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करतात. निरनिराळी तेले आणि सेटाइल अल्कोहोलसारखे मेणचट पदार्थ यांत येतात, आणि नावात अल्कोहोल असले तरी ते त्वचा कोरडी करत नाहीत. तिसरे वरून झाकण घालतात, म्हणजे पाणी उडू देत नाहीत: पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन, मधमाशीचे मेण.

आता हवेकडे येऊ. ग्लिसरीन पाणी ओढते, पण कुठून ओढते हे भोवतालच्या हवेवर ठरते. हवेत भरपूर बाष्प असेल तर तिथून थोडेफार मिळते. हवा कोरडी असेल तर ते त्वचेच्या खालच्या थरांतून वर आलेले पाणीच धरून बसते, आणि वर झाकण नसेल तर तेही हळूहळू उडून जाते. कोकणात जून ते ऑक्टोबर हवा इतकी दमट असते की भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा मऊ पडते. त्या दिवसांत ग्लिसरीन असलेले कोणतेही पातळ लोशन माझ्यासारखीला पुरेसे होते आणि जाड क्रीम लावले तर ते घामाबरोबर गळ्यापर्यंत उतरते. हेच लोशन जानेवारीच्या सकाळी लावून शाळेला निघाले की एसटीच्या खिडकीशी बसून दोन थांबे जाईपर्यंत चेहरा पुन्हा ओढू लागतो. लोशनात दोष नसतो. वारा बदललेला असतो. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीसाठी लिहिलेला सल्ला आमच्या पावसाळ्याला लागू पडत नाही आणि मुंबईच्या तेलकट त्वचेसाठी लिहिलेला सल्ला आमच्या मोहोराच्या दिवसांना लागू पडत नाही. वर्षभर एकच डबी वापरायचा हट्ट सोडला, तर महाग डबीची गरजच उरत नाही.

आईच्या लेखी या सगळ्यावर एकच उत्तर होते, मुठेल. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, सोलून आमसुले घातली की बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळवतात, वर येणारी चरबी काढून घेतात आणि थिजत आली की मुठीत दाबून तिचे गोळे वळतात. सिंधुदुर्गाकडे यालाच भिरंडेल म्हणतात. पायांच्या भेगांवर, फुटलेल्या ओठांवर याच्या तोडीचे औषध नाही, असे आमच्याकडे मानले जाते, आणि त्याला आधारही आहे. या चरबीत निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते आणि उरलेल्यात मोठा वाटा ओलेइक आम्लाचा असतो, त्यामुळे ती घट्ट राहते, लवकर खवट होत नाही आणि लावल्यावर त्वचेवर टिकते. अडचण अशी की ती वितळते अडतीस ते चाळीस अंशांच्या आसपास, आणि चेहऱ्याच्या त्वचेचे तापमान त्यापेक्षा कमी असते. टाचेवर आपण गोळा घासून, निखाऱ्याची ऊब देऊन ती जिरवतो. चेहऱ्यावर तशीच घासली तर कातडी ओढली जाते आणि मेणाचा पांढुरका थर बसतो. म्हणून मी तिचा लहान तुकडा खोबरेल तेलात वितळवून ठेवते, एक भाग मुठेल आणि तीन भाग तेल. थंडीत नुसते खोबरेलही बाटलीत थिजते, ते साधारण चोवीस-पंचवीस अंशांना गोठते, पण तळहातावर घेताच विरघळते. या मिश्रणात पाणी नसल्यामुळे ते बिघडत नाही. मात्र ओला हात डबीत घालायचा नाही, एवढे पाळावे लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तेव्हापासून हीच चरबी 'कोकम बटर' हे नाव घेऊन नक्षीदार बरणीतून शहरात मिळू लागली असेल तर त्यात वावगे काही नाही. पण जिच्या माहेरी रातांब्याचे झाड आहे तिने ती बरणी विकत घेऊ नये.

खोबरेलाविषयी दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. २००४ साली फिलिपिन्समध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत कोरड्या त्वचेच्या लोकांना पायांवर दोन आठवडे खोबरेल किंवा मिनरल ऑइल लावायला दिले होते, आणि दोन्हींचा गुण सारखाच आला. म्हणजे खोबरेल कामाचे आहे यात शंका नाही, पण ते पायांवर. चेहऱ्याच्या रंध्रांत ते साठते आणि ज्यांना मुरुमांची खोड आहे त्यांना त्रास देते. शिवाय एक गोष्ट आमच्याकडे फार जणांच्या लक्षात येत नाही. नाकाच्या कडेला, भुवयांत आणि कपाळावर केसांच्या रेषेला जे पिवळसर, चिकट पापुद्रे सुटतात ते कोरडेपणाचे नसतात. तो डोक्यातल्या कोंड्याचाच चेहऱ्यावरचा भाऊबंद असतो. त्याच्याशी निगडित असलेली बुरशी तेलावरच पोसते, त्यामुळे तिथे जितके तेल चोळावे तितके ते वाढते. असे दिसले तर मॉइश्चरायझर शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरला दाखवावे.

आजीच्या फडताळात मात्र मुठेलाशेजारी 'स्नो'ची बाटली असे. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली बाजारात आणलेल्या अफगाण स्नोने आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांच्या ड्रेसिंग टेबलावर राज्य केले. स्नो किंवा व्हॅनिशिंग क्रीम या प्रकाराची गंमत अशी की, त्याचा मुख्य घटकही स्टिअरिक आम्लच असतो. त्यातले थोडे आम्ल अल्कलीने साबणात बदलतात आणि उरलेले भरपूर पाण्यात घुसळतात. चेहऱ्यावर लावले की पाणी उडून जाते, मागे अदृश्य, मॅट थर राहतो आणि पावडर छान बसते. लग्नाला जाण्यासाठी ही योजना उत्तम आहे, पण जे क्रीम लावताच नाहीसे होते ते कोरड्या त्वचेच्या फारसे उपयोगी नसते. आजही 'चिकट नाही, लगेच जिरते' अशी जाहिरात ज्याची होते ते बहुधा याच कुळातले असते, आणि थंडीत मी त्याच्या वाटेला जात नाही.

थंडीतले माझे खरे अवलंबन आहे ते पेट्रोलियम जेलीवर. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. तेलविहिरीच्या यंत्रांवर साठणारा मेणचट गाळ कामगार भाजल्या-कापल्यावर लावतात, हे पाहून त्याला ती सुचली होती. त्वचेतून उडून जाणारे पाणी अडवण्यात आजही तिच्याइतका समर्थ पदार्थ क्वचितच सापडतो, आणि किमतीच्या बाबतीत ती दुकानातल्या सर्वांत खालच्या फळीवर असते. तिची डबी प्रथम घरी आली तेव्हा आई म्हणाली होती, "अगो, तोंडाला काय रॉकेल फासतेस?" जन्म खनिज तेलातला असला तरी औषधी दर्जाची पांढरी जेली इतकी शुद्ध केलेली असते की तिला वास नाही, रंग नाही, आणि ती त्वचेत शिरत नसल्यामुळे रंध्रेही सहसा बंद करत नाही. तिच्याजवळ स्वतःचे पाणी मात्र नाही. कोरड्या चेहऱ्यावर लावली तर ती कोरडेपणावरच झाकण घालते. चेहरा धुऊन टॉवेलने नुसता टिपायचा, तो दमट असतानाच ग्लिसरीनचे लोशन लावायचे, आणि त्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढी जेली तळहातांवर पसरवून हलक्या हाताने दाबायची. रात्री एवढे केले की सकाळी गाल गालांसारखे लागतात. मार्चमध्ये खारा वारा वेळेवर येऊ लागला की हाच थर उकडू लागतो, मग जेली फक्त ओठांपुरती उरते.

ग्लिसरीन सुटे घेतले तर आणखी स्वस्त पडते, पण त्याला दोन पथ्ये आहेत. निर्भेळ ग्लिसरीन चेहऱ्याला लावू नये. ते झोंबते आणि चिकटते, म्हणून एक भाग ग्लिसरीनला चार-पाच भाग गुलाबपाणी हवे. दुसरे असे की त्यात लिंबू पिळण्याची जी जुनी चाल आहे ती सोडून द्यावी. लिंबाच्या आम्लाने फुटलेली त्वचा आणखी चिडते, आणि लिंबाच्या सालीतले काही पदार्थ त्वचेवर असताना ऊन लागले तर काळे डाग किंवा फोडही येऊ शकतात. आमच्या किनाऱ्यावरच्या उन्हात तर ते विशेष संभवते. पाणी मिसळलेले असे घरगुती मिश्रण आठवड्याभरापलीकडे ठेवू नये. ज्या हवेत चामड्याच्या चपलांना आणि पुस्तकांच्या बांधणीला बुरशी येते, त्या हवेत संरक्षक रसायन नसलेले पाणीदार क्रीम किती टिकणार? 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' ही ओळ डबीवर अभिमानाने छापलेली असते, आणि पावसाळ्यात ती वाचून मी डबी परत ठेवते.

डबीची पाठ वाचण्याची सवय गावातल्या औषधाच्या दुकानदाराला प्रथम चमत्कारिक वाटली होती. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. फक्त एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. पहिले नाव जवळजवळ नेहमी पाण्याचेच असते. पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन आणि पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेलीच) किंवा लिक्विड पॅराफिन दिसले तर कोरड्या त्वचेचे मूळ काम होते, मग समोर बदाम छापलेले असोत वा केशर. ते बदाम आणि केशर यादीत बहुधा सुगंधी द्रव्याच्या आसपास, म्हणजे शेपटाकडे सापडतात. सुगंधाविषयी मी थोडी कडक आहे: फुटलेल्या त्वचेला चिडवणाऱ्या गोष्टींत तो बराच वर लागतो, आणि तो काढला म्हणून क्रीमचा गुण तसूभरही कमी होत नाही. सेरामाइड असलेली क्रीम वाईट नव्हेत. ज्या मुलांना इसब आहे त्यांच्यासाठी ती घेण्यासारखी असतात, कारण तिथे सांध्यातला चुनाच मुळात अपुरा असतो. नुसत्या ऋतुमानाने कोरड्या होणाऱ्या चेहऱ्यासाठी तेवढा खर्च मला अनाठायी वाटतो.

किमतीचा हिशेबही सहसा चुकीच्या टोकाकडून होतो. १९९१ साली ब्रिटनमध्ये लाँग आणि फिनले या त्वचातज्ज्ञांनी मलम मोजण्याचे एक सोपे माप सांगितले: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि चेहरा व मान मिळून अशा अडीच रेघा. ते माप औषधी मलमांचे आहे. मॉइश्चरायझरला त्याच्या निम्मे धरले, तरी दिवसातून दोनदा लावायला सव्वा ग्रॅम लागते, म्हणजे पन्नास ग्रॅमची डबी चाळीस दिवसांत संपायला हवी. महागडी डबी घेणाऱ्या बायका ती सहा महिने पुरवतात, तांदळाच्या दाण्याएवढे क्रीम चेहऱ्यावर पसरवतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. वेष्टनावर आता कमाल किरकोळ किमतीबरोबर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलीटर किंमतही छापावी लागते. बारीक अक्षरांत असते, पण असते. ती पाहिली की नक्षीदार लहान बरणी आणि औषधी विभागातली साधी मोठी बाटली यांच्यातले अंतर ध्यानात येते. जी वस्तू हात न आखडता लावता येते तीच मी परवडणारी मानते.

एका बाबतीत मात्र स्वस्ताईला भुलू नये. 'चेहरा मऊही होईल आणि उजळही' असे सांगून काही दुकानांतून एखादी बारीक ट्यूब हातावर ठेवली जाते, आणि तिचा गुण खरोखर चार दिवसांत दिसतो. अशा ट्यूबमध्ये बहुधा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. महिनोन्महिने लावले की त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, लव वाढते, आणि बंद केले की चेहरा भाजल्यासारखा पेटतो. हे मॉइश्चरायझर नव्हे, औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या अशा औषधांच्या वेष्टनावर एक उभी लाल रेघ असते. आठवी-नववीच्या मुलींना मी ती रेघ ओळखायला शिकवले आहे; भूगोलाच्या अभ्यासक्रमात ते बसत नाही, तरीही.

आमचा दुकानदार या बाबतीत सरळ माणूस आहे. हल्ली थंडी पडू लागली आणि मी पायरी चढले की तो नवीन आलेली बाटली स्वतःच उलटी करून धरतो. "बाई, ग्लिसरीन दुसऱ्या नंबरला आहे, वास नाही, आणि ग्रॅमला किती पडते ते इथे खाली लिहिले आहे," असे म्हणून तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि तो आकडा वाचण्यासाठी बाटली उजेडाकडे नेतो.